पायरीवर कुणी शपथ घेत नाही

ताई,

दोन वर्षं मी एका मराठी वृत्तवाहिनीत रिपोर्टर आहे. गेले चार महिने एका माजी मंत्र्याच्या घोटाळ्याच्या खटल्यासाठी मला विशेष न्यायालयाबाहेर उभं करतात. सकाळी नऊला ओबी (थेट प्रक्षेपणाची व्हॅन) लागते आणि संध्याकाळी सहापर्यंत दर अर्ध्या तासाला लाइव्ह. गेटवरून हलले की स्टुडिओतून फोन येतो, त्यामुळे आत जाणं होतच नाही. आत काय चाललंय ते बाहेर आलेल्या वकिलांकडून नाहीतर दुसऱ्या चॅनेलच्या मुलांकडून कळतं.

मागच्या तारखेला दोन गोष्टी घडल्या. आरोपीची मुलगी बाहेर पडत होती. कॉलेजात आहे ती. आम्ही पंधरा-वीस जण तिच्यावर धावलो, मी सगळ्यांत पुढे. "वडिलांनी घेतलेल्या पैशांतून तुमचं शिक्षण झालं का?" असं मी विचारलं. ती मागे सरकली, पायरीवर अडखळली आणि पडली. तिचा चष्मा कुणाच्या तरी बुटाखाली गेला. आमच्याच चॅनेलनं ते दिवसभर चालवलं. त्यात माझा बूम माइक आणि माझा हात दिसतो. त्याच दुपारी लाइव्हमध्ये मी "न्यायालयानं माजी मंत्र्यांना दोषी मानलं" असं बोलून गेले. प्रत्यक्षात फक्त आरोप निश्चित झाले होते. बारा मिनिटं पट्टी चालली, मग गुपचूप काढली.

आईनं ते सगळं पाहिलं. बोलली काहीच नाही, पण त्या रात्री तिनं टीव्ही लावला नाही. तेव्हापासून मला झोप नाही. त्या मुलीची माफी मागू का? डेस्कला नाही कसं म्हणायचं? की हे काम माझं नाहीच, सोडून देऊ?

तुमची,
गेटवरची

*

प्रिय गेटवरची,

प्रश्न तीन विचारलेस, पण तुझी झोप उडवलीय ती त्या चष्म्यानं. तेव्हा आधी चष्म्याचं बघू.

माफी माग. मात्र पुढच्या तारखेला ती दिसली म्हणून पायरीवर तिच्याजवळ जाऊ नकोस. तिथे वीस कॅमेरे असणार आणि तुझी माफीसुद्धा कुणाच्या तरी पट्टीवर चढणार: 'आरोपीच्या मुलीपुढे महिला रिपोर्टरला अश्रू अनावर.' म्हणजे तिला त्याच पायरीवर दुसऱ्यांदा उभं केलंस. तिच्या घरीही जायचं नाही. तू त्या खटल्याची बातमीदार आहेस. आरोपीच्या घरी तुझी ये-जा आहे, एवढं उद्या कुणीही उठवू शकतं. बचाव पक्षाच्या वकिलांकडे जे ज्युनिअर असतील त्यांच्या हाती बंद पाकिटात चार ओळी दे. मी कोण, त्या दिवशी मी काय केलं, ते चुकीचं होतं, माफ करा. संपलं. 'वरून दबाव होता' हे लिहायचं नाही. 'तुमचीही बाजू मांडायला आवडेल' हे तर मुळीच नाही. (हसू नकोस. खाली मोबाइल नंबर टाकलेली असली माफीपत्रं मी पाहिली आहेत.) उत्तर येणार नाही असं धरूनच चाल. पाकीट देण्याआधी संपादकांच्या कानावर घाल, म्हणजे उद्या ते 'गुपचूप दिलं' असं होणार नाही. आणि ती क्लिप चॅनेलच्या सगळ्या खात्यांवरून काढावी, अशी मागणी मेलवर कर. तोंडी सांगितलेलं न्यूजरूममध्ये दुपारपर्यंतही टिकत नाही.

आता तू त्या मुलीला जे विचारलंस त्याबद्दल. रागावू नकोस, पण तो प्रश्न नव्हताच. 'वडिलांनी पैसे घेतले' हे तू वाक्याच्या पहिल्याच भागात ठरवून टाकलंस, आणि तेच ठरवायला आत न्यायाधीश बसलेत. उरलेल्या भागात ते तू तिच्या पदरात टाकलंस. ती हो म्हणाली असती तरी फसली असती, नाही म्हणाली असती तरी फसली असती, आणि गप्प राहिली तर 'मौन बाळगलं' म्हणून तुम्हीच चालवलं असतं. ती आरोपी नाही. उद्या तिची साक्ष निघाली तर प्रकरण आणखी नाजूक, कारण मग तू साक्षीदाराच्या तोंडात शब्द घातलेस असं होईल. मुंबई उच्च न्यायालयानं १८ जानेवारी २०२१ ला 'निलेश नवलखा' प्रकरणात माध्यमांच्या समांतर खटल्यांबद्दल सविस्तर निकाल दिला. सुरू असलेल्या तपासात आरोपीच्या दोषाबद्दल आपणच निवाडा देणं, पोलिसांपुढच्या कबुलीला जणू पुरावाच म्हणून दाखवणं, हे टाळा असं त्यात सांगितलंय. लांबलचक आहे, पण कोर्ट बीटवरच्या माणसानं एकदा तरी वाचावा असा. तुझ्या डेस्कनं वाचला असण्याची शक्यता कमी. प्रिंट काढून नेऊन ठेव.

दुसरी गोष्ट, बारा मिनिटांची पट्टी.

आपल्याकडे 'ध'चा 'मा' केला म्हणतात. एका अक्षरानं हुकुमाचा अर्थ फिरला. तू अख्खा शब्द फिरवलास. आरोप निश्चित होणं म्हणजे काय? खटला चालवण्याइतकं साहित्य प्रथमदर्शनी दिसतंय, असं न्यायाधीशांना वाटलं. मग आरोपीला उभं करून आरोप वाचून दाखवतात, समजले का विचारतात, गुन्हा कबूल आहे का विचारतात. तो नाही म्हणतो. तिथून खरा खटला सुरू होतो. म्हणजे तुझी बातमी 'खटला आता सुरू होणार' अशी होती, आणि तू तो संपवूनच टाकलास.

या बीटवर अशा जोड्या पावलोपावली आहेत आणि त्यांत बातमीदार पडतोच. डिस्चार्ज म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून सुटका. निर्दोष मुक्तता खटला पुरा चालल्यावर होते. दोन्हींना 'क्लीन चिट' म्हणायचं नाही. तो शब्द कोणत्याच कायद्यात नाही, फक्त आपल्या पट्टीवर आहे. पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी तुला ठाऊक असेल. दोषी ठरवणं आणि शिक्षा सुनावणं यांत दिवस जाऊ शकतात: चारा घोटाळ्यात रांचीच्या सीबीआय न्यायालयानं लालूप्रसाद यादवांना ३० सप्टेंबर २०१३ ला दोषी ठरवलं, शिक्षा झाली ३ ऑक्टोबरला. मधल्या दिवसांत 'इतकी वर्षं शिक्षा' असं कुणी म्हटलं असेल तर तो अंदाज होता, बातमी नव्हे.

सगळ्यांत घातक जोडी अपिलाच्या वेळची. शिक्षेला स्थगिती आणि दोषसिद्धीला स्थगिती. ऐकायला एकसारखं, राजकारण्याच्या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक. शिक्षेला स्थगिती मिळाली की माणूस तुरुंगाबाहेर राहतो, पण दोष कायम असतो आणि आमदारकी-खासदारकी वाचत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या आठव्या कलमात दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की अपात्रता आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली दोषी ठरला तर दोन वर्षांचीही अट नाही, नुसता दंड झाला तरी अपात्र. अपील केलं की पद टिकायचं, ती सवलत सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये 'लिली थॉमस' प्रकरणात रद्द केली. म्हणून त्या दिवशी गेटवर कार्यकर्ते पेढे वाटत आले की एवढंच विचारायचं: स्थगिती कशाला? पेढे वाटणाऱ्यालाही बहुतेक वेळा ते ठाऊक नसतं.

घाईचा हा रोग फक्त आपल्याला झालाय असं समजू नकोस. २८ जून २०१२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आरोग्यविम्याच्या कायद्यावर निकाल दिला. सीएनएन आणि फॉक्स या दोन बलाढ्य वाहिन्यांनी सुरुवातीची पानं चाळली आणि विम्याची सक्ती रद्द झाली असं सांगून टाकलं. पुढच्या पानांवर तीच सक्ती कर म्हणून वैध ठरवली होती. त्यांच्या हातात निकालाचा कागद तरी होता. तुझ्या हातात काय होतं? बाजूच्या चॅनेलच्या मुलाचं तोंड.

आणि ती पट्टी 'गुपचूप काढली' हे मला मूळ चुकीपेक्षा जास्त खुपलं. बारा मिनिटांत ज्यांनी ते पाहिलं, त्यांच्या डोक्यात तो माणूस दोषी आहे. पट्टी काढल्यानं ते पुसत नाही. दुरुस्ती त्याच वेळी, त्याच पट्टीवर, 'आधी आम्ही असं सांगितलं होतं, ते चूक होतं' अशा शब्दांत जायला हवी होती. आता उशीर झालाय, तरी पुढच्या लाइव्हमध्ये तू स्वतः ते म्हण. वीस सेकंद लागतात. डेस्क कुरकुरेल. वकिलाची नोटीस आली तर तीच वीस सेकंदं डेस्कच्या कामी येणार आहेत.

नोटिशीवरून एक गोष्ट सांगते, ती बहुतेक बातमीदारांना उशिरा कळते. मलाही उशिराच कळली. न्यायालयाचा अवमान कायदा १९७१ चा. त्याच्या चौथ्या कलमात न्यायालयीन कामकाजाच्या न्याय्य आणि अचूक वृत्ताला संरक्षण आहे. बदनामीच्या कलमालाही, आता ते भारतीय न्याय संहितेत ३५६ वं आहे, न्यायालयीन कामकाजाच्या खऱ्या वृत्ताचा अपवाद जोडलेला आहे. पण शब्द नीट बघ: कामकाजाचं वृत्त. वकील पायऱ्या उतरून खाली आले, गाऊन हातावर टाकला आणि बूमसमोर म्हणाले की समोरच्यानं पन्नास कोटी खाल्लेत, तर ते कामकाज नाही. तेच वाक्य त्यांनी आत न्यायाधीशांपुढे म्हटलं असतं तर तुला छत्र होतं. बाहेर म्हटलं, तू चालवलंस, की तू उघड्यावर. दोघांत अंतर पंधरा पायऱ्यांचं.

त्या पंधरा पायऱ्यांबद्दलच तुला सांगायचंय, बाकीचं तू अनुभवानं शिकशील. आत बोलणारा साक्षीदार शपथ घेऊन बोलतो, त्याची उलटतपासणी होते, खोटं बोलला तर गुन्हा. वकील काय म्हणतो त्यावर समोरचा वकील तिथल्या तिथे उठून हरकत घेतो. बाहेर पायरीवर कुणी शपथ घेत नाही. तिथे सगळे आपापल्या सोयीचं बोलतात आणि उलटतपासणी घेणारं कुणी नसतं. तुझ्याखेरीज.

न्यूयॉर्कमध्ये २०२४ साली डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर फौजदारी खटला चालला. तिथल्या कायद्यानं कोर्टरूममधून प्रक्षेपण होत नाही, म्हणून कॅमेरे कोर्टरूमबाहेरच्या मार्गिकेत (कॉरिडॉरमध्ये) लोखंडी अडथळ्यांमागे होते. ट्रम्प येता-जाता तिथे थांबून बोलत. खटला खोटा, न्यायाधीश पक्षपाती, रोज काही ना काही. आत साक्षीच्या पिंजऱ्यात मात्र ते गेले नाहीत. तो त्यांचा हक्कच होता, त्याचा उलटा अर्थ काढायचा नाही. ३० मे ला ज्युरीनं चौतीसच्या चौतीस आरोपांत दोषी ठरवलं, आणि मार्गिकेत बोललेलं एक वाक्यही त्या निर्णयाच्या हिशेबात नव्हतं. नुसती मार्गिका बघणाऱ्याला तो खटला वेगळाच दिसला असणार.

आपल्याकडचा टू-जी स्पेक्ट्रम घोटाळ्याचा खटला तर तुझ्या शाळेच्या दिवसांतला. १.७६ लाख कोटी हा आकडा तेव्हा पोरांनाही पाठ होता. तो महालेखापालांचा अंदाजित तोटा होता, आरोपपत्रातला आकडा बराच लहान. दिल्लीच्या पटियाला हाउस न्यायालयाबाहेर ओबी व्हॅनची रांग. आरोपी माजी दूरसंचारमंत्री ए. राजा गाडीतून उतरले की झुंबड. २१ डिसेंबर २०१७ ला विशेष न्यायाधीश ओ. पी. सैनी यांनी सगळ्यांना निर्दोष सोडलं. निकालपत्रात त्यांनी लिहिलंय की सुमारे सात वर्षं, उन्हाळी सुट्टीसुद्धा धरून, मी सकाळी दहापासून पाचपर्यंत खुल्या न्यायालयात बसून कुणी कायद्यानं ग्राह्य पुरावा घेऊन येतो का याची वाट पाहिली, कुणी आलं नाही; अफवा आणि कुजबुजीतून तयार झालेल्या लोकसमजुतीवर सगळे चालले होते. घोटाळा झालाच नाही, असं मी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयानं त्याच वाटपातले १२२ परवाने २०१२ मध्ये रद्द केले होते, आणि मुक्ततेविरुद्धचं सीबीआयचं अपील दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये दाखल करून घेतलं. मला त्यातली खुर्ची दिसते. दार उघडं आहे, न्यायाधीश बसलेत, आणि आम्ही सगळे गेटवर गाडीमागे धावतोय.

मी स्वतः काही वेगळी नव्हते. एका पुढाऱ्याच्या जामिनाची सुनावणी होती. तेव्हा मोबाइल नवे होते, आणि कार्यालयाला पहिला फोन माझा जावा म्हणून मी कोर्टरूम सोडून जिन्यात उभी होते. एका वकिलाचा पोरगा धावत आला, "रिजेक्ट झाला" म्हणाला. मी फोन केला, 'जामीन फेटाळला.' पहिल्या आवृत्तीत छापूनही आलं. फेटाळला होता तो बोर्डावरच्या, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीतल्या, एकतीस नंबरचा. आमचं मॅटर चौतीस, पुकाराच झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी शिरस्तेदारांनी, म्हणजे न्यायालयाच्या कारकुनांनी, बोलावलं. टेबलावर आमच्या पेपराचं कात्रण, त्यावर पेन्सिलीनं दोनच आकडे लिहिलेले: ३१, ३४. एक शब्द बोलले नाहीत. कात्रण माझ्याकडे सरकवलं आणि फायली लावायला लागले. तुझ्या आईनं टीव्ही लावला नाही असं तू लिहिलंस, तेव्हा मला ती पेन्सिल आठवली.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. बातमीदारानं ती चढलीच पाहिजे. अर्ध्यात उभं राहू नये.

तेव्हा आत कसं जायचं ते बघू. न्यायालय खुलं असतं, ही कुणाची मेहेरबानी नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६६ व्या कलमात ते लिहिलंय. इन-कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड, असेल किंवा न्यायाधीशांनी विशेष कारणानं मनाई केली तर गोष्ट वेगळी. तशी मनाई होऊ शकते, आणि त्या बाबतीतला सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निकाल एका मराठी आडनावानंच ओळखला जातो: 'नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य', १९६६. मिरजकर 'ब्लिट्झ'चे बातमीदार. मुंबई उच्च न्यायालयात त्याच साप्ताहिकाच्या संपादकांवर बदनामीचा दावा चालू होता, आणि एका साक्षीदाराची साक्ष छापू नका असा आदेश न्यायमूर्ती तारकुंडे यांनी तोंडी दिला. मिरजकर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायमूर्ती बसले. मिरजकर हरले, एकटे न्यायमूर्ती हिदायतुल्ला त्यांच्या बाजूनं. हरले तरी त्यांचं नाव कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत आहे, ते यासाठी की साक्ष चालू असताना ते पायरीवर नव्हते.

सकाळी बोर्ड बघ, आपलं मॅटर कितवं आहे ते. शेवटच्या बाकावर, दाराजवळ बस. मोबाइल बंद. आतलं रेकॉर्डिंग करायचं नाही, एका सेकंदाचंही नाही. वही आणि पेन. कोण बोललं, किती वाजता बोललं, शब्द कोणते. न्यायाधीश मध्येच काही म्हणाले तर त्यापुढे 'तोंडी' असं लिही, कारण तोंडी शेरा म्हणजे आदेश नव्हे. संध्याकाळी लेखी आदेशात त्याचा मागमूसही नसतो असं कितीदा तरी होतं. कामकाज संपल्यावर शिरस्तेदारांना रोजनाम्यात, म्हणजे दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत, काय लिहिलं गेलं ते विचार. दुसऱ्याच दिवशी सांगतील असं नाही. महिनाभर तू रोज आत दिसलीस की सांगतील. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पुढची तारीख आणि बरेचदा आदेशही येतो. अडलं तर नकलेसाठी अर्ज टाक.

आता डेस्क. उंटावरून शेळ्या हाकणं हा त्यांचा धर्मच आहे, त्यांच्याशी तत्त्वावर भांडू नकोस. भांडलीस तर "मग दुसरी पाठवू का?" एवढंच ऐकशील. त्यांना बातमी दाखव. असाइनमेंटला लेखी कळव: कामकाजाआधी एक लाइव्ह, जेवणाच्या सुट्टीत एक, न्यायालय उठल्यावर एक. मधल्या वेळात मी आत. गेटवर कॅमेरामन थांबेल, गाड्या येताना-जाताना टिपेल, त्यासाठी माझी गरज नाही. आणि पहिल्याच दिवशी आतून एक गोष्ट अशी घेऊन ये जी गेटवरच्या वीस जणांकडे नाही. साक्षीदार कोणत्या प्रश्नाला अडला, कोणत्या कागदावरची सही नाकारली, सरकारी वकिलांनी तारीख का मागून घेतली. घोटाळ्यांचे खटले कागदांवर चालतात, गाडीतून कोण उतरलं यावर नाही. एकदा तुझी अशी बातमी बाकीच्यांनी उचलली की तुला आत कुणी पाठवलं, हे डेस्कच अभिमानानं सांगेल.

तरी एखाद्या दिवशी गेटवर अडकशीलच. तेव्हा जे माहीत नाही ते माहीत नाही म्हण. "सध्या साक्ष सुरू आहे, आदेश झालेला नाही. बचाव पक्षाचे वकील बाहेर येऊन असं म्हणाले. आत त्यांनी हेच मांडलं का, ते मी पाहिलेलं नाही." हे वाक्य पाठ कर. पहिल्यांदा म्हणशील तेव्हा अँकर गोंधळेल, मग त्यालाही सवय होईल. आणि "सूत्रांच्या माहितीनुसार" हे कोर्टाच्या बातमीत वापरायचं सोडून दे. जे खुल्या न्यायालयात सगळ्यांदेखत घडतं त्याला सूत्र कशाला लागतं?

गर्दीबद्दल तू लिहिलं नाहीस, पण माजी मंत्र्याचा खटला म्हणजे कार्यकर्ते आलेच. फेब्रुवारी २०१६ मध्ये पटियाला हाउसमध्ये जेएनयूचा विद्यार्थी नेता कन्हैयाकुमारच्या सुनावणीच्या वेळी पत्रकारांना मारहाण झाली, आणि मारणाऱ्यांत काळे कोट होते. म्हणजे आवाराच्या आत सुरक्षित असतो हाही भ्रम. निकालाच्या दिवशी आरोपीच्या गाडीच्या आणि भिंतीच्या मध्ये कधी उभी राहू नकोस. कॅमेरामनशी आधीच ठरवून ठेव, निघायचं कुठून. महाराष्ट्रात पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तो कायदा हल्ला झाल्यानंतर उपयोगी पडतो, तेव्हा आधी निघायची वाट बघून ठेव.

आणि पुन्हा कुणाचं घरचं माणूस त्या दारातून बाहेर आलं तर? झुंबडीत एकटीनं मागे राहणं सोपं नाही, मला माहीत आहे. सगळ्यांकडे दृश्य असेल आणि तुझ्याकडे नसेल, रात्री त्यावरून बोलणी बसतील. बसू देत. गेटवरच्या मुलांशी बोल, आपसांत ठरवा: एक कॅमेरा, एक जागा, दहा फुटांचं अंतर, दृश्य सगळ्यांना. असे करार टिकत नाहीत असं तुला कुणी सांगेल. खरं आहे, निकालाच्या दिवशी मोडतात. बाकीच्या शंभर तारखांना टिकले तरी बरेच चष्मे वाचतील.

सोडून देऊ का, विचारतेस. आत्ता नाही. नोकरी सोडून माफी मागून होत नाही. त्या मुलीला त्याचा काही उपयोग नाही, आणि तुझ्या जागी जो येईल तो चष्म्यावरून रात्रभर जागणारा असेल याची खात्री नाही. तीन तारखा दे. तीन तारखांना आत बसायला मिळालं नाही, मागितलेलं लेखी मागूनही मिळालं नाही, तर बीट बदलून माग, नाहीतर दुसरं चॅनेल शोध. हातात काही नसताना राजीनामा टाकू नकोस. असल्या शूरपणाचं घरभाडं आपणच भरतो.

हे खटले लांबतात. अंतुले सिमेंट प्रकरणात जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपदावरून गेले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खटला उच्च न्यायालयाकडे सोपवला आणि १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठानं बहुमतानं तोच आदेश चूक ठरवला. जयललिता २०१४ मध्ये दोषी, २०१५ मध्ये निर्दोष, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खालचा निकाल पुन्हा उभा केला, तेव्हा त्या हयातही नव्हत्या. प्रत्येक वळणाला गेटवर जल्लोष किंवा रडारड झाली असणार, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी बूम धरून 'अखेर' म्हटलं असणार. अखेर हा शब्द तूर्त बाजूला ठेव.

जाता जाता. एवढं मोठं पत्र लिहिलंस, ओबी कधी लागते, पट्टी किती मिनिटं चालली, आईनं काय केलं, सगळं आलं. कोर्ट बीटवर माझे पहिले संपादक कॉपी हातात घेतली की आधी शेवटची ओळ बघायचे आणि ती नसली तर न वाचता परत द्यायचे. तुझ्या पत्रात ती नाही.

पुढची तारीख कधी आहे?